दोन हवालदार बिनकामना, भाग दुसरा

सोनगीर
४ सप्टेंबर २०२४

झुलालभो,

पाकीट पाहून घाबरू नको. कंडक्टरच्या नावानं पाकीट आलं म्हणजे खात्याची नोटीसच असणार असं तुला वाटतं, म्हणून वर माझं नाव मोठ्या अक्षरात टाकलंय.

फोन करत जाऊ नको. तू तिकडून हॅलो हॅलो करशील आणि मी इकडून नुसता श्वास ऐकवीन. मोबाईलवर लिहायला गेलो तर तो माझे शब्द बदलतो. म्हणून कागद. पुनम रोज कॉलेजला धुळ्याला जाते, ती स्टँडवर पाचोरा गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट देईल. तुझंही तसंच येऊ दे.

आता माझी हकिगत. जीभ गेली. डाव्या बाजूचा जबडा गेला. तिथं मांडीचं मांस काढून लावलंय, त्यामुळे गालावर मांडीचे केस उगवतात. न्हावी परवा वस्तरा हातात घेऊन विचारात पडला. जेवण नाकातल्या नळीनं. मी डॉक्टरला लिहून विचारलं, तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही, नुसती सुपारी खायचो, मग मलाच का? तो म्हणाला, सुपारी पुरते.

लिहिताना माझी शाळेतली मराठी येते, बोलायचो ती घरची. आता घरची बोलायला तोंडच उरलं नाही. असो.

पत्राचं कारण वेगळं शे. बन्सीलाल येऊन गेला. लग्नाच्या शूटिंगा करणारा माणूस आपल्यामुळे डायरेक्टर झाला, तरी हार घेऊन आला, मला वाटलं गळ्यात घालतो की फोटोला. म्हणाला, आपला ‘दोन हवालदार बिनकामना’ लोक अजून मोबाईलवर बघतात, भाग दुसरा काढायचा. तू मुका हवालदार आहेसच. माझ्या बडबड्या हवालदाराच्या जागी शिंदखेड्याचा पिंटू उभा राहील, अंगानं माझ्यासारखाच आहे. पण आवाज माझा. जळगावात एक कंप्युटरवाला आहे, तो म्हणे पहिल्या भागातलं माझं बोलणं मशीनला ऐकवतो, मग मशीन माझ्या आवाजात पाहिजे ते बोलतं.

हेमलता म्हणते, नको, हे भूत उठवण्यासारखं आहे. मला मात्र वाटतं, होऊ दे. माझ्या भांड्यांच्या दुकानावरून जाताना पोरं अजून माझा डायलॉग ओरडतात: “कायदा मना खिसामा शे, पन खिसाले भोक पडेल शे.” मी नुसता हातोडी वर करतो. त्यांना वाटतं मी गर्विष्ठ झालो.

तू काय म्हणतोस ते कळव. जोडी तुझी पण आहे.

तुझा,
लीलाधर

---

पाचोरा
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय लीलाधर,

पत्र पोचलं. डेपोत सगळ्यांसमोर वाचता येईना म्हणून गाडीत मागच्या सीटवर जाऊन वाचलं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. सिनेमातही तू बोलायचास, मी तुझ्याकडे बघायचो, लोक हसायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तू गेल्यावर, म्हणजे ऑपरेशनला गेल्यावर, बन्सीलालनं मला दोनदा फोन केला होता. मी म्हटलं लीलाधर नसेल तर मी नाही. आता तू असणार म्हणतोस, तर मग हो.

वहिनींचं म्हणणं मी समजू शकतो. पण तू आठ-आठ दिवस घरात बसतोस, दुकान उघडलं तर गिऱ्हाईकाशी बोलायला पुनम लागते. शूटिंगला येशील, चार माणसांत बसशील. तुझा आवाज लोकांना ऐकू येईल. भुताचं म्हणशील तर आपण काय, पहिल्या भागातही लोकांना घाबरवूनच पैसे मागायचो.

रविवारी बन्सीलालबरोबर मी सोनगीरला येतो. तो तुझी परवानगी मोबाईलवर घेणार म्हणतो. मी तुझ्याशेजारी बसतो.

गालाच्या केसांचं वाचून मी हसलो, मग मला वाईट वाटलं. तुला चालेल असं धरून चाललोय.

तुझा,
झुलाल

---

सोनगीर
२० नोव्हेंबर २०२४

झुलालभो,

शूटिंग संपवून तू गेलास आणि घर एकदम सुनं झालं. म्हणून लिहायला बसलो.

तुझं काम चांगलं झालं. एका सायकलवर दोन हवालदार, चोराच्या मागे किल्ल्याच्या उतारावरून, ते मी लिहून दिलं तेव्हा बन्सीलाल म्हणाला होता जमणार नाही. तू ब्रेक दाबलास तेव्हा पिंटू सरळ शेळ्यांत जाऊन पडला आणि शेळीनं त्याची टोपी तोंडात धरली. ते मी लिहिलेलं नव्हतं, पण ठेवायला सांग. मला हसता येत नाही, हसलो की लाळ गळते. हेमलता रुमाल घेऊन शेजारी उभी होती, तीही हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

पिंटू बरा पोरगा शे. मधूनमधून येऊन मला विचारायचा, काका, असं उभं राहू का. मी बोटानं दाखवायचो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. शूटिंगच्या आधी तो कंप्युटरवाला मशीनमधून काढलेला आवाज ऐकवायला आला होता. आमच्या ओसरीवर बसून त्यानं मोबाईल चालू केला. मीच होतो, झुलाल. ओळी मी कधी बोललो नव्हतो, पण बोललो असतो तर तशाच. हेमलता उठून मागच्या दारी गेली, पाणी तापवायला म्हणून, आणि बंब न पेटवताच तिथं उभी राहिली. पुनम त्या पोराला पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती. मी सगळं ऐकून घेतलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

पण किल्ल्यावर काय झालं ते तू सायकलपाशी होतास म्हणून तुला दिसलं नाही. पिंटूला ओठ हलवायला जमावं म्हणून बन्सीलालनं माझा आवाज मोठ्या भोंग्यावर लावला. खाली गावात ऐकू गेला. गावातली माणसं चढण चढून धावत वर आली. झांबरे गुरुजी, ज्यांना दोन पावलं चालली की दम लागतो, तेसुद्धा. मला मिठी मारून म्हणाले, लीलाधर, बोलायला लागला रे बाबा. मी मान हलवून नाही म्हटलं. मग ते सगळे थोडा वेळ उभे राहिले आणि खाली गेले.

बन्सीलालला माझी परवानगी देताना तू होतास. “तुमचा आवाज वापरायला तुमची परवानगी आहे ना?” आणि मी मान हलवली. मान हलवणं हे आता माझं बोलणं. म्हणून जपून हलवायला पाहिजे, असं त्या दिवशी गुरुजींकडे बघून वाटलं.

तब्येत ठीक. मानेला जरा कडकपणा आहे, थंडीचा असेल.

तुझा,
लीलाधर

---

पाचोरा
१८ फेब्रुवारी २०२५

सौ. हेमलता वहिनींस,
झुलालचा नमस्कार.

हे पत्र लीलाधरला दाखवू नका. पुनमलाही नको, म्हणून पोस्टानं पाठवतोय.

सिनेमा आल्यापासून लोक खूश आहेत ते तुम्ही बघतच असाल. गाडीत पोरं माझ्याकडून तिकीट घेताना सेल्फी घेतात. इथवर ठीक होतं.

परवा जळगाव स्टँडवर माझी गाडी लागली होती. प्रवासी चढत होते आणि मागून लीलाधरचा आवाज आला. सिनेमा बघत असेल कोणी म्हणून मी आधी वळलो नाही. मग आवाज पुढे सरकायला लागला. मी तिकिटाचं मशीन हातात तसंच धरून बाहेर धावलो. जाहिरातीची गाडी होती, छोटा टेम्पो. दोन्ही बाजूंना आमचे खाकीतले फोटो आणि मध्ये सुपारीची पुडी. वर भोंगा. लीलाधर म्हणत होता:

“कायदा मना खिसामा शे, नि कायदाना बाजूले सुपारीनी पुडी शे. खाय रे भो, काई व्हत नही.”

वहिनी, मला तिथं उभं राहवेना. गाडी अर्धा तास उशिरा सोडली.

संध्याकाळी बन्सीलालच्या स्टुडिओत गेलो. म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, “झुलाल, ओरडू नको, बाहेर गिऱ्हाईक बसलंय. परवानगी त्यानंच दिली. तू बाजूला होतास.”

“ती सिनेमासाठी होती.”

“मी सिनेमाचं नाव घेतलं होतं का? व्हिडिओ आहे माझ्याकडे, बघ. आवाज वापरायला, एवढंच म्हटलो होतो.”

“अरे, सुपारीनंच त्याची जीभ गेली.”

तो म्हणाला, “मला ते काय माहीत, सुपारीवाल्यांच्या एजन्सीनं आवाज मागितला, मी दिला. आता आवाज माझ्या हातात नाही. त्यांच्याकडे गेला.”

मी काही करू शकलो नाही. फोटोत मीसुद्धा आहे. बघतोय असा, पहिल्यासारखा.

ती गाडी तालुक्यातालुक्यांतून फिरते. तुमच्याकडे कधी येईल सांगता येत नाही. बाजाराच्या दिवशी लीलाधरला घराबाहेर पडू देऊ नका, काहीतरी कारण सांगा. तोवर मी एजन्सीचा पत्ता शोधतो.

आपला,
झुलाल

---

सोनगीर
२४ फेब्रुवारी २०२५

झुलाल भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी गाडी येऊन गेली.

बाजार होता. हे दुकानात हंड्याला ठोके देत होते. आवाज आला तशी त्यांची हातोडी थांबली. मी घरातून पळत आले तोवर हे रस्त्यावर उतरले होते. गाडी गर्दीतून हळूहळू चालली होती, हे तिच्या मागे मागे. मी हाक मारली, वळले नाहीत. लोक म्हणत होते, लीलाधरभाऊ, मोठी जाहिरात मिळाली, पेढे द्या. आमचा शेजारी बाळू तर त्यांना पुडी दाखवून हसला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. सगळा बाजार संपेपर्यंत हे गाडीच्या मागे चालले, मग ती हायवेला लागली आणि हे तिथंच उभे राहिले.

घरी आल्यावर पाटी घेतली आणि लिहिलं, हे मी कधी बोललो? मी म्हटलं, तुम्ही नाही बोललात. पुन्हा लिहिलं, ऑपरेशनच्या गुंगीत बोललो असेन का? मी म्हटलं, नाही हो. मग पाटी पुसून ठेवून दिली.

आणखी एक. मानेत गाठ आली आहे. तुम्हाला थंडी म्हणून लिहिलं असेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी दुखणं परत आलंय म्हणून सांगितलं आणि आता ऑपरेशन करत नाहीत म्हणाले. तुम्हाला कळवू नको असं मला बजावलंय.

काल ट्रंकेतून हवालदाराचा गणवेश काढून त्यांनी स्वतः इस्त्री केली. कशाला विचारलं तर बघतसुद्धा नाहीत. पुनमच्या मोबाईलवर ती गाडी कुठल्या दिवशी कुठे असते ते काढून घेतलं आहे. माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही या आणि थांबवा.

हेमलता

---

धुळे
२० मार्च २०२५

झुलाल काका,

तुम्हाला जामीन मिळाल्याचं वकिलांकडून समजलं. तुम्ही घरी आहात आणि खात्यानं तुमची ड्युटी बंद केलीय हेही समजलं. मला फार वाईट वाटलं.

बाबा इथं दवाखान्यात आहेत. पाटी दिली तर घेत नाहीत. पेपरात ‘तोतया पोलिसांना अटक’ असं आलंय. मोबाईलवर जो व्हिडिओ फिरतोय तो अर्ध्यातून सुरू होतो आणि त्याच्यावर कोणीतरी हसण्याचे आवाज टाकलेत. माझ्या वर्गात सगळ्यांनी बघितला. मला खरं काय झालं ते तुमच्याकडून हवं आहे.

आणि राग मानू नका, पण आई म्हणते ती तुम्हाला थांबवायला बोलावत होती. मग तुम्ही का गेलात?

तुमची,
पुनम

---

पाचोरा
२६ मार्च २०२५

चि. पुनम,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस ते बरं केलंस. बाकी कोणी विचारलं नाही. पोलिसांनी विचारलं, पण त्यांना कलम भरायचं होतं.

मी थांबवायलाच आलो होतो. तू कॉलेजला गेलेली होतीस, तुझी आई दळण आणायला गेली होती. तुझे बाबा गणवेश घालून ओसरीवर बसले होते. अंगावर तो ढगळ झाला होता, पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. मी तासभर बोललो. माझ्या आयुष्यात मी इतकं कधी बोललो नसेन. नोकरीचं सांगितलं, तुझं सांगितलं, कायद्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून पाटीवर दोनच शब्द लिहिले: एकटा जातो.

मग मी काय करणार होतो? माझ्या अंगावर एसटीची खाकी होतीच. त्यांनी आतून माझी सिनेमातली टोपी आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

आम्ही फाट्यावर जाऊन उभे राहिलो. गाडी शिरपूरकडून आली. बाबांनी हात आडवा केला. गाडी थांबली. लखन म्हणून ड्रायव्हर होता, सातपुड्याकडचा, नवाच. तो खरंच घाबरला. खाली उतरून लायसन आणि कागद दोन्ही हातांनी पुढे धरले. बाबा माझ्याकडे बघायला लागले, की बोल. इतकी वर्षं मी गाडीत एकच गोष्ट सांगत आलो, तीच तोंडातून निघाली. मी म्हटलं, “पुढे सरका.”

लखननं माझ्याकडे नीट बघितलं. मग त्याच्याच गाडीवरच्या फोटोकडे बघितलं. “तुम्ही ते बिनकामना हवालदार ना?” आणि तो हसायला लागला. सुटल्यासारखा हसत होता बिचारा. त्यानं चहाच्या टपरीवरच्या लोकांना हाक मारली. एक काळीपिवळी थांबली, मग ट्रकवाले उतरले, कॉलेजची मुलं मोटरसायकली लावून आली. सगळ्यांनी मोबाईल काढले. कोणीतरी विचारलं, “पार्ट थ्री शे का, भो?” दुसरा कॅमेरा कुठे आहे म्हणून झाडात बघत होता.

बाबांनी भोंग्याकडे बोट दाखवलं, बंद कर म्हणून. लखनला वाटलं, आवाज वाढव म्हणतात. त्यानं वाढवला.

मी तुला हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. पण तू विचारलंस.

बाबा टेम्पोच्या मागच्या फळीवर चढले. मी खालून धरत होतो. वर त्यांच्या डोक्याशी तो भोंगा त्यांच्याच आवाजात सांगत होता, खाय रे भो, काई व्हत नही. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. बाबांनी तोंडाचा मास्क काढला. नळी बाजूला केली. आणि जेवढं उघडता येतं तेवढं तोंड उघडलं.

पुढचे लोक गप्प झाले. एका बाईनं पदर तोंडाला लावला. एका माणसाचा गाल फुगलेला होता, तो चघळायचा थांबला. मागच्यांना दिसत नव्हतं, ते हसतच होते, आणि पुढचे त्यांना वळून गप्प करत होते. बाबा एकेकाकडे वळून तोंड दाखवत होते, शाळेत मास्तर पुस्तकातलं चित्र फिरवून दाखवतात तसं. आवाज चालूच. लखन बटण शोधत होता, त्याला ते सापडेना. शेवटी त्यानं वायर ओढून काढली.

मग काहीच ऐकू येईना. हायवेच्या गाड्या तेवढ्या.

बाबांना खाली उतरवताना त्यांच्या मानेतून रक्त यायला लागलं. तोवर खरे पोलीस आले. साहेबांनी विचारलं, नाव काय? बाबा उभे होते. साहेबांना वाटलं, उत्तर देत नाही. त्यांनी पुन्हा जोरात विचारलं. तेव्हा मी बाबांचं नाव सांगितलं, मग माझं. साहेबांनी बाबांचं तोंड बघितलं, आपला रुमाल दिला आणि आधी दवाखान्यात चला म्हणाले. अटक नंतर केली. त्यांनी वाईट वागवलं नाही, हे कोणी विचारलं तर सांग. गणवेश घालून गाडी अडवली ती आम्हीच, त्यात खोटं काही नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबा एकटे गेले असते तर लोकांनी त्यांना वेडा म्हणून हाकललं असतं. दोघं गेलो म्हणून लोकांना सिनेमा वाटला आणि ते थांबले. थांबले म्हणून त्यांनी बघितलं. यापेक्षा जास्त मला जमलं नाही.

त्यांनी पाटी घेतली नाही तरी रोज शेजारी ठेवत जा.

तुझा,
झुलाल काका

---

सोनगीर
९ मे २०२५

झुलाल काका,

बाबांच्या दिवसांना तुम्ही आलात, पण गर्दीत तुमच्याशी बोलणं झालं नाही. तारखेच्या कामाला तुम्हाला परत जायचं होतं. वकील म्हणाले, बाबांचं नाव केसमधून जाईल, तुमचं राहील. पुढच्या तारखेला मी आणि आई कोर्टात येऊ.

बन्सीलाल काका येऊन गेले. बराच वेळ बसले. आईनं चहा दिला. जाहिरात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बंद केली म्हणाले, लोक बाबांचा चेहरा विसरत नाहीत आणि पुडी खपत नाही म्हणून. पण गुजरातकडे चालू आहे, तिकडे बाबांना कोणी ओळखत नाही.

मला तुमच्याकडे एक काम आहे.

दहावीत मी पास झाले तेव्हा बाबा बाजाराला गेले होते. मार्क कमी पडले म्हणून मी रडत होते, तर त्यांनी मोबाईलवर बोलून पाठवलं होतं, “पुनम, पास व्हयनी ना? मंग रडी का राहिनी?” ते मी जपून ठेवलं होतं. सिनेमा आला तेव्हा त्या कंप्युटरवाल्याकडून मी मशीन कसं चालतं ते शिकून घेतलं, आणि कितपत जमतं बघावं म्हणून तेच शब्द त्यात टाकले. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. मग मोबाईल बदलला. दोन्ही नव्यात आले, दोन्हींवर एकच तारीख आहे.

काका, मला आता कळत नाही कुठला खरा. रोज ऐकते. सकाळी एक खरा वाटतो, दुपारी दुसरा. आईला विचारलं तर ती म्हणते, मला ते यंत्र ऐकवू नको. तुम्ही त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काम केलंत, तुम्हाला ओळखू येईल. एकदा याल का? जो खोटा तो मी पुसून टाकीन.

तुमची,
पुनम

---

पाचोरा
२५ मे २०२५

हेमलता वहिनींस,

वर सौ. लिहायला हात गेला होता.

त्या दिवशी मी ओसरीवर बसून पुनमला सांगितलं, दुसरा खरा. तिनं पहिला माझ्यासमोर पुसला आणि दुसरा तीनदा ऐकला. तिच्या तोंडावर जे आलं ते तुम्ही आतून पाहिलं की नाही मला माहीत नाही.

वहिनी, मला ओळखता आलं नाही. मी दोन्ही आवाज डोळे मिटून ऐकले. पहिला घोगरा, जड वाटला, लीलाधर कधी इतका जड बोलत नव्हता. दुसरा स्वच्छ होता, सिनेमातल्यासारखा. म्हणून दुसरा सांगितला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला माहीत नाही असं सांगणं मला जमलं नाही.

चूक केली असेल तर आता ती दुरुस्तही होणार नाही. हे कोणालातरी सांगायला पाहिजे होतं.

आपला,
झुलाल

---

सोनगीर
२ जून २०२५

झुलाल भाऊजी,

मी आत भाकरी टाकत होते. दोन्ही ऐकले.

पहिला खरा होता. बाजारात असले की त्यांच्या गालात सुपारी असायची, त्यामुळे शब्द जड यायचे. सिनेमात बोलताना ते थुंकून यायचे, म्हणून तुम्हाला ते स्वच्छ बोलतात असंच माहीत. घरात आम्ही तो जड आवाजच ऐकला. पुनमला ते आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

मी तेव्हाच बाहेर येऊन सांगू शकले असते. तवा उतरवला, दारापर्यंत आले. ती मोबाईल कानाला लावून बसली होती. मी परत आत गेले.

आता ती रात्री झोपते. राहू द्या तसंच. तिला तुम्हीही सांगू नका, मीही सांगणार नाही.

तारखेला धुळ्याला याल तेव्हा कोर्टासमोरच्या टपरीवर काही खाऊ नका. मी डबा घेऊन येते.

हेमलता